अर्धा सूर खाली

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या पुढे मी कधीच आले आहे. तरी हे लिहायला बसले आणि पाठ आपोआप ताठ झाली. तुमच्यासमोर पोक काढून बसलेलं चालायचं नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मला यंदाच्या थंडीत कळली, आणि खरं तर ती तुम्हाला तुमच्या हयातीत कुणीतरी सांगायला हवी होती. पण ती कळेपर्यंत मी किती घाबरले ते आधी सांगते, कारण त्या भीतीतूनच मला तुमची भीती समजली.

दिवाळीनंतर माझा उजवा गाल दुखायला लागला. दुखणं म्हणजे ठणका नव्हे. दात घासताना, घास चावताना, कधी नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी गालातून विजेचा झटका जावा तसं व्हायचं. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, तिचा काही दोष नव्हता. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही चेहऱ्याची नस आहे, आणि एक गोळी लिहून दिली. गोळीनं खरंच उतार पडला. पुन्हा भाकरी चावून खाता यायला लागली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मीही ते दुखणं विसरून जायच्या बेतात होते.

आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. फोनवर आपला कॉन्चेर्टो लावला होता. आपला म्हणजे तोच, तुम्ही मला दिलेल्या तबकडीवरचा. माझ्या मुलीनं तो फोनमध्ये उतरवून दिलाय, खरखरीसकट. तुम्ही आम्हाला शाळेत पियानोच्या तासाला पहिल्यांदा ऐकवलात तेव्हा म्हणाला होतात, कॉन्चेर्टो म्हणजे एकीकडे अख्खा वाद्यवृंद आणि दुसरीकडे एकटा पियानो, आणि दोघांना एकमेकांशी बोलायचंय. हा पांढरी दोनमधला मायनर, म्हणजे उदास पट्टीतला. आम्ही सगळ्या पेटी असलेल्या घरांतल्या मुली, म्हणून तुम्ही पट्टीची नावं पेटीचीच सांगायचात. सुरुवातीला व्हायोलिनसारख्या वाद्यांच्या खालच्या आवाजातल्या तारा दबकत दबकत येतात, धड चाल अशी नसतेच, नुसती कुजबुज. मग बऱ्याच वेळानं पियानो येतो, अगदी एकटा. त्याच्या आधी तिथल्या श्रोत्यांत कुणीतरी खोकतं. ते खोकणंसुद्धा मला पाठ आहे.

त्या सकाळी तारा आल्या आणि माझा हात मेथीच्या काडीवर थांबला. पांढरी दोन नव्हती. काळी एक होती. सगळंच्या सगळं, अर्धा सूर खाली.

आधी वाटलं फोन बिघडला. मग माळ्यावरून तुमची तबकडी काढली, जुना रेकॉर्ड प्लेअर पुसून लावला. तीही काळी एकमध्येच. यंत्र मंद फिरत असेल, पट्टा सैल झाला असेल, असं मनाला सांगितलं. यंत्र मंद फिरलं तर सूर उतरतो, पण मग वेगही उतरायला हवा. मी लय मोजायचा मेट्रोनोम काढला, त्याचा लोलक सोडला आणि तबकडीशेजारी ठेवला. वेग जसाच्या तसा होता. खोकणारा माणूस त्याच्या ठरलेल्या जागीच खोकला. मग पियानोपाशी गेले आणि पांढरी दोन दाबली. बोट पांढऱ्या पट्टीवर होतं, डोळ्यांना दिसत होतं, आणि कानात काळी एक वाजत होती. बाई, आपलाच हात दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखं वाटलं. मी झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. कुकरची शिट्टी झाली, तीही खालीच होती.

यंत्र ठीक असेल तर बिघडलेलं काय आहे, हे मला लगेच कळलं. कारण हे सगळं मी एकदा पाहिलेलं होतं.

तुमच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षातली ती दुपार मला अजून दिसते. मी अकरावीत असेन. चर्चच्या मागच्या तुमच्या बंगलीत उन्हाळ्याची झळ येतेय आणि तुम्ही गालाला लोकरी मफलर गुंडाळून बसलाय. तुमच्या चेहऱ्यात कळा यायच्या, बोलता बोलता तुम्ही मधेच थांबायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. मिरजेला दाखवून आणलं होतं, तिथल्या गोळ्यांनी बरं वाटतंय म्हणत होतात. पण काही दिवस तुमचं एकच चाललं होतं, की पियानोचा सूर कुणीतरी उतरवून ठेवलाय. बेळगावहून पियानो लावणारे गृहस्थ येऊन गेले होते आणि सूर बरोबर आहेत म्हणून सांगून गेले होते. तुम्ही त्यांच्यावर चिडला होतात.

त्या दुपारी तुम्ही तबकडी लावलीत आणि मला विचारलंत, "कुठल्या पट्टीत वाजतंय?"

"पांढरी दोन, बाई."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय बाई. पांढरी दोनच हाय."

"तुला पांढरी दोन ऐकू येते?"

"व्हय."

मग तुम्ही मेट्रोनोम माझ्या हातात दिलात. "वेग बघ. मागं पडतोय का सांग." मी लोलकाबरोबर मांडीवर टाळी धरली आणि तो पूर्ण पहिला भाग मोजला. शेवटी आनंदानं म्हणाले, "बाई, वेग अगदी बरोबर हाय. यंत्राला काय झालेलं न्हाय." मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुमच्या तोंडावरचा रंग उतरला. तुम्ही "यव्वा" एवढंच म्हणालात, तुमच्या गडहिंग्लजच्या बोलीतलं आई गं, अगदी हळू, आणि खिडकीकडे बघत बसलात. मग म्हणालात, "माझ्या आईला शेवटी शेवटी नसलेलं ऐकू यायचं. घरात कुणी गात नसलं तरी गाणी ऐकू यायची. मग ती आम्हालाच ओळखेना झाली."

मी मेट्रोनोमचा लोलक बोटानं थांबवला. तुम्ही उठलात, तबकडी कव्हरात घातलीत आणि माझ्या हातात दिलीत. "घेऊन जा. मला आता ह्याचा उपयोग न्हाय." ती भेट मिळाली म्हणून मी उड्या मारत घरी गेले. बाबांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणाले, "पेटी शिकली असतीस तर बस्तीच्या देवळात आरतीला तरी कामाला आली असती."

पुढच्या सत्रात तुम्ही शाळेत आला नाहीत. बायका हळू आवाजात बोलायच्या, बाईंच्या डोक्यात गेलंय म्हणून. तुम्ही गडहिंग्लजला भावाकडे राहायला गेलात. मी बाबांच्या मागे लागून एकदा एसटीनं तिकडे आले होते. तुम्ही ओसरीवर बसला होतात, मफलर तसाच. तुमच्या भाचीनं जेवणानंतर तुमच्या तळहातावर पांढरी गोळी ठेवली, ती तुम्ही पाण्याबरोबर गिळलीत. बोललात फार थोडं. निघताना मला जवळ बोलावून विचारलंत, "तुमच्या गाडीचा हॉर्न कुठल्या सुरात होता?"

"पांढरी चार, बाई."

"असेल," म्हणालात. "असेल बाई, असेल." आणि माझ्या हातावर थोपटलंत. त्यानंतर वर्ष सरायच्या आत तुम्ही झोपेतच गेल्याचं कळलं.

आता तुम्हीच सांगा, त्या सकाळी मेथीचा ढीग पुढ्यात असताना मला दुसरं काय वाटणार? मला एवढंच ठाऊक होतं की बाईंचा सूर उतरला, मग बाईंनी पियानो मिटला, मग बाई गेल्या. मीही त्याच वाटेला लागले, असं मी धरून चालले. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. सकाळी जाग आली की डोळे न उघडता बाहेरचे आवाज ऐकत पडायची. दूधवाल्याच्या गाडीचा हॉर्न, शेजारच्यांच्या फाटकाची कडी, देवळातली घंटा. एकेकाचं नाव घ्यायची आणि प्रत्येक नाव चुकायचं. तुम्हाला आठवतं ना, हे आपलं गुपित कसं कळलं ते? वर्गात असताना गिरणीचा भोंगा झाला आणि मी सहज बोलून गेले, हा काळी तीन. तुम्ही पियानोवर ती पट्टी दाबून पाहिलीत, माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "तुलाही?" मग लगेच ताकीद दिलीत, "बाहेर बोलू नकोस, नाहीतर पोरी दिवसभर ताटवाट्या बडवून परीक्षा घेत बसतील." तेव्हापासून आवाजाचं नाव मला माणसाच्या नावासारखं ओळखीचं होतं. आता ती सगळी माणसं एकमेकांचे कपडे घालून समोरून जात होती. आणि मनात यायचं, आज सूर गेले, उद्या तोंडं जातील. मुलीचा फोन आला की तिचा आवाज जाड वाटायचा आणि मी फोनवरचं नाव पुन्हा वाचायची, की हीच का ती.

माझ्याकडे संध्याकाळी शिकायला मोठी माणसं येतात. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, नातवाच्या वाढदिवसाला वाजवायचं म्हणून शिकतात. त्यांनी धडा वाजवला आणि मी म्हटलं, "चुकतंय, एक पट्टी खाली लागतीय तुमची." ते चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, मी पांढरीवरच बोट ठेवलंय की. बघा की तुम्हीच." बघितलं. बोट बरोबर होतं. मी म्हटलं, "व्हय, बरोबर हाय," आणि घसा बसला म्हणून शिकवणी लवकर सोडली. त्यानंतर सगळ्यांनाच काही दिवस येऊ नका असा निरोप दिला.

मग आमच्या ह्यांच्या लक्षात आलं. ह्यांचा कारखाना आहे, लेथ मशिनचा. दिवसभर खडखडाटात असतात, त्यामुळे घरी बोलतात तेही ओरडूनच. जेवताना म्हणाले, "काय झालंय तुला? पियानो बंद, शिकवणी बंद, फोन लावला की दचकतीस. काय हुतंय ते सांग की सरळ."

सांगितलं. अर्धवट सांगून थांबणार होते, पण तुमच्यापर्यंत सगळं सांगून झालं. ह्यांना पट्टीतलं काही कळत नाही. पण हे माझ्यावर हसले नाहीत. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाले, "तुझा कान खोटं बोलणार न्हाय. काहीतरी झालंय. उद्या जाऊया." आणि मग, बाई, ह्यांचा मोठा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "तुझ्या बाईंगत करू नकोस. गप बसून न्हाय जायचं."

मेंदूच्या डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. तिनं मला बोटं नाचवायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली. मग त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं. आत ठकठक, घरघर, मधेच भोंग्यासारखा लांब आवाज. त्या आवाजांची नावं घ्यायची नाहीत असं मी ठरवून गेले होते, तरी मनातल्या मनात घेत होते, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की आत्ता, ह्याच क्षणी, तिकडे काचेमागे त्यांना माझ्या डोक्यातला डाग दिसत असेल. मी तुमचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मफलरच आठवला.

फोटो स्वच्छ आले. डॉक्टर ते उजेडासमोर धरून म्हणाली, "काकू, इथे काहीही नाही." मला त्यानं धीर आला नाही, उलट जास्तच घाबरले. दिसणारं काही असतं तर त्याला नाव तरी असतं. मग तिनं विचारलं, "अलीकडे कुठली नवीन गोळी सुरू केली होती का?"

ह्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही. गालासाठी."

तिनं पाकीट वाचलं, खुर्चीत मागे टेकली आणि तिच्या तोंडावर हसू आलं. "तुम्हाला सगळे सूर अर्ध्या सुरानं खाली ऐकू येतात? सगळे सारखेच?"

"सगळे."

"मग हे ह्या गोळीनं होतंय. फार थोड्या लोकांच्या बाबतीत नोंदलं गेलंय. होत बऱ्याच जणांना असेल, पण तुमच्यासारखा कान असल्याशिवाय कळणार कसं? गोळी बंद केली की सूर परत येतात. डोकं अगदी जागेवर आहे तुमचं."

ह्यांनी सुस्कारा सोडला, तो बाहेरच्या पेशंटांनाही ऐकू गेला असेल. मी मात्र विचारलं, "ही गोळी नवीन निघालीय का?"

"छे हो. माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. चेहऱ्याच्या ह्या दुखण्यावर तेव्हापासून हीच देतात."

त्यानंतर ती काय काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन मी बाकावर बसले आणि मला रडू आवरेना. हे गोंधळून गेले. "रडतीस कशापायी? चांगलं सांगितलं की तिनं. गोळी बदलून देणार हाय." मी म्हटलं, "बाईंना कुणी सांगितलंच न्हाई हो." हे शेजारी बसले आणि माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

तर बाई, हीच ती गोष्ट. तुमचं डोकं फिरलं नव्हतं. तुम्हाला तुमच्या आईचं दुखणं झालं नव्हतं. तुम्ही म्हणत होतात ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं, तुम्हाला पियानो उतरलेलाच ऐकू येत होता, आणि बहुतेक त्या पांढऱ्या गोळीनं. बहुतेक म्हणते, कारण तुमच्या तळहातावरची ती गोळी कुठली, हे आता कुणाला विचारणार? पण गाल तोच, मफलर तोच, आणि अर्धा सूर तोच. माझ्या मनात शंका नाही. तुम्ही वर्षभर त्या ओसरीवर बसून आपलं मन कधी निसटतंय याची वाट बघत होतात, आणि ते निसटत नव्हतंच. ह्याचा विचार आला की मला माझ्या वेळेपेक्षा जास्त भीती वाटते. मी थोडेच दिवस त्या भीतीत होते आणि माझ्याजवळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेला माणूस होता.

एक दिवस तुम्ही मला रागावला होतात, तेही ह्याच कॉन्चेर्टोवरून. पियानो एकटा येतो ती जागा मी भराभरा, जोरात वाजवली. म्हटलं भीतीचं संगीत आहे, दणकून वाजवावं. तुम्ही माझा हात पट्ट्यांवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवलात. "घाबरल्याचं नाटक करू नकोस. घाबरलेलं माणूस पळत न्हाय गं, ते पाय जपून टाकतं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून." त्या तबकडीवरची पियानोवादिका ती जागा इतरांपेक्षा सावकाश वाजवते, म्हणून तुम्हाला तीच तबकडी आवडायची. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. यंदाच्या थंडीत मी स्वयंपाकघरातून पियानोपर्यंत कशी चालत गेले ते आठवलं, की पटतं.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टरनं गोळी बदलली. सूर हळूहळू वर सरकत आले, आणि एका सकाळी दूधवाल्याचा हॉर्न आपल्या जागेवर येऊन बसला. मी अंथरुणात उठून बसले आणि ह्यांना हलवून उठवलं. पण नव्या गोळीनं गाल धरला नाही. कळा परत आल्या, पहिल्यापेक्षा वाईट. पाणी पिताना किंचाळायची वेळ आली. डॉक्टरनं आणखी एक औषध करून पाहिलं, त्यानं दिवसभर गुंगी यायची. शेवटी मी स्वतःच सांगितलं की जुनीच द्या. ती म्हणाली, "काकू, सुरांचं काय?" मी म्हटलं, "आता कारण माहीत हाय. सोसते." ऑपरेशनचा रस्ता आहे म्हणतात. अजून तेवढं धाडस होत नाही.

म्हणजे मी पुन्हा अर्धा सूर खाली राहतेय. शिकवणी सुरू केलीय, कानावर न जाता बोटांकडे बघून शिकवते. बँकवाले गृहस्थ खूश आहेत, मॅडम हल्ली ओरडत नाहीत म्हणतात. भीती गेलेली नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? गोळी घेतेय तोवर सूर खालीच राहणार, आणि उद्या खरोखरच डोक्यात काही बिघडलं तर मी ते गोळीवरच ढकलेन आणि मला कळणारही नाही. हा विचार सकाळी येतोच. मग हे चहाचा कप आणून आपटतात आणि विचारतात, "आज कुठं हायेत तुझे सूर?" मी म्हणते, "खालीच." हे म्हणतात, "ऱ्हाऊ देत."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. गडहिंग्लजचं ते घरही आता तुमच्या भावाचं राहिलेलं नाही. तरी पत्र पाठवता आलं असतं, तर शेवटची ओळ मी लिहिली नसती. काल दुपारी तबकडी पूर्ण ऐकली. मधला संथ भाग, जिथे वादळ थांबतं आणि पियानो नुसता गुणगुणतो, तो काळी पाचमध्ये आहे हे तुम्हीच शिकवलंत, आणि मूळ पट्टीला हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही. मला तो पांढरी सहामध्ये ऐकू आला, चुकीचा, उतरलेला. आणि बाई, मला तो तसाच जास्त आवडला.